बंद फाटा बोलू लागतो तेव्हा

वीस वर्षं गुपचूप वाफ वाहून नेणारी लाईन एकविसाव्या वर्षी एकाच सुरात घोंघावायला लागली, तर बिघडलं काय? पाइप तोच, व्हॉल्व्ह तेच, सपोर्ट तेच. पुष्कळदा बदललेली असते फक्त एक गोष्ट: प्लांटची क्षमता वाढवलेली असते, म्हणून वाफेचा वेग वाढलेला असतो.

या प्रश्नावरून एकाच घरातल्या दोन माणसांचा वाद मी मांडूच्या किल्ल्यात ऐकला. मामांचं आयुष्य देवासच्या औद्योगिक पट्ट्यात बॉयलर आणि स्टीमच्या लाईनी सांभाळण्यात गेलं. भाची पिथमपूरच्या बाजूला मोटारींच्या आवाजावर आणि कंपनांवर काम करते. माळव्यातल्या मराठी घरांत ही जोडी आता सर्रास दिसते. आधीच्या पिढीने यंत्रं कानाने आणि तळहाताने ओळखली, पुढची ती आकड्यांनी ओळखते. मी सोबत होतो. दोघांचं म्हणणं जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत देतो. जिथे मला एका बाजूला उभं राहावंसं वाटलं, तिथे ते लपवणार नाही.

जहाज महालाच्या मागे हम्माम आहे. त्याच्या घुमटाला चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत, त्यांतून खाली उजेड पडतो. मामा मान वर करून बघत होते.

मामा: आता मला सांग. या छताला इतकी भोकं. खाली ती चंपा बावडी, तिला जोडलेली तळघरं, कमानींच्या आतली दालनं. जिकडे बघावं तिकडे पोकळी. दर पावसाळ्यात दरीतून वारा चढून येतो तो या सगळ्यावरून जातो. सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या काळापासून म्हटलं तरी पाचशे वर्षं झाली. तुमचं शास्त्र म्हणतं, पोकळीवरून वारा गेला की कंपन होतं. मग हे कसं उभं राहिलं?

भाची: पोकळी आहे म्हणून कंपन होतंच, असं शास्त्र म्हणत नाही मामा. दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पोकळीच्या तोंडावरून प्रवाह जातो तेव्हा वरचा थर धावत असतो आणि आतली हवा उभी असते. दोन्हींच्या मधला पातळ पडदा स्थिर राहू शकत नाही. अलीकडच्या कडेपासून तो गुंडाळायला लागतो, त्याचे भोवरे होतात. भोवरा तोंड ओलांडून पलीकडच्या कडेवर आदळतो, तिथे दाबाचा एक ठोका बसतो. तो ठोका मागे अलीकडच्या कडेपर्यंत पोचतो आणि पुढचा भोवरा केव्हा सुटायचा ते ठरवतो. झालं चक्र. ही झाली एक गोष्ट.

मामा: आणि दुसरी?

भाची: आतल्या हवेचा स्वतःचा सूर. बासरीच्या नळीला असतो तसा. भोवऱ्यांचा ताल आणि पोकळीचा सूर एक झाले तरच पोकळी आवाज धरते. मग आतली हवा इतक्या जोरात मागेपुढे होते, की भोवरे तिच्याच तालावर सुटायला लागतात. प्रवाह थोडा कमीजास्त झाला तरी सूर हलत नाही. तो अडकतो, आणि जोर वाढत जातो.

मामा: आणि इथे ते जुळत नाही?

भाची: हिशेब करू. समजा भोक १५ सेंटिमीटरचं आहे आणि वारा सेकंदाला ६ मीटरने जातोय. भोवऱ्यांचा ताल काढायला वेगाला तोंडाच्या लांबीने भागायचं आणि साधारण ०.४ ने गुणायचं. आले १६ हर्ट्झ. आता एवढं मोठं दालन आणि त्याला ही लहान तोंडं. त्या हवेचा स्वतःचा सूर सेकंदाला दोन-चार आवर्तनांच्या वर जाणार नाही. १६ कुठे आणि ३ कुठे? जुळवायचं तर वारा सेकंदाला मीटरभर वेगाने वाहायला हवा, आणि तेवढ्या झुळकीत दालन हलवायचा जोर नसतो. बावडीचं तोंड तर याच्या कितीतरी पट मोठं, तिथला ताल आणखी मंद.

मामांना हे पटलं, पण त्यांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला.

मामा: म्हणजे बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं! म्हणूनच त्यांनी भोकं एवढीच ठेवली.

भाची: ते मी म्हणणार नाही. भोकं उजेडासाठी आणि वाफ बाहेर जाण्यासाठी लागतातच. आवाजाचा विचार करून ती केली, याला माझ्याकडे काही आधार नाही. त्यांनी जे केलं त्याचा मान त्यांना पूर्ण द्यावा. दोन तलावांच्या मध्ये महाल उभारून पाणी खेळवलं, बावडीच्या गारव्याने तळघरं थंड ठेवली. हे डोळ्यांसमोर आहे. जे दिसत नाही ते त्यांच्या नावावर का जमा करायचं?

मामा: दाई महालासमोर उभं राहून हाक मारली तर महाल उत्तर देतो. तेही योगायोगानेच?

भाची: कदाचित मुद्दाम असेल, कदाचित नसेल. पण तो प्रतिध्वनी आहे, हाक तुम्ही मारावी लागते. मी ज्याबद्दल बोलतेय तिथे हाक कुणीच मारत नाही. एकसारखा, न थरथरता येणारा प्रवाह पोकळीवरून जातो आणि त्यातूनच आवाज जन्माला येतो. बाहेरून कुणी यंत्र हलवत नाही, पंपाचा ठोका नसतो, पंख्याचं पातं नसतं. म्हणून तर तो लवकर सापडत नाही. लोक पंप उघडून बघतात, बेअरिंग बदलतात आणि आवाज तिथेच राहतो.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. स्मारकांच्या ध्वनीविषयी आपल्याकडे भरभरून बोललं जातं, आणि प्रतिध्वनी, घुमणं, वाऱ्याने उठलेला सूर हे सगळं एकाच टोपलीत टाकलं जातं. तारेवरून वारा गेला की निघणारा सूर कशावर ठरतो, हे चेक भौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट्स स्ट्रॉउहाल यांनी १८७८मध्ये मोजून दाखवलं. भाचीने वापरलेला ०.४ हा आकडा त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुणोत्तराचा. पोकळीतल्या हवेचा सूर कशावर ठरतो ते हेल्महोल्ट्झ यांनी १८६३च्या ग्रंथात मांडलं. या दोन धाग्यांची गाठ विमानांच्या काळात फार गरजेची झाली, कारण पोटातला बाँबचा कप्पा उघडला की तो भयंकर गर्जायचा. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या संशोधन संस्थेत रॉसिटर यांनी १९६४मध्ये त्याचं सूत्र दिलं, आणि आजही पहिला अंदाज त्यावरूनच घेतला जातो.

भाचीचं काम याच घराण्यातलं. मांडू ज्या धार जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात पिथमपूरला नॅट्रॅक्सचा मोटारींचा चाचणी-मार्ग आहे. त्याचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा लंबगोल २०२१मध्ये खुला झाला. गाडीचं सनरूफ किंवा मागची एकच काच उघडली की कानात दाब बसतो आणि थडथड सुरू होते, हा अनुभव बहुतेकांना असतो.

भाची: गाडीचा अख्खा कक्ष म्हणजे पोकळी, सनरूफ हे तिचं तोंड. तोंड ४० सेंटिमीटर, गाडी ताशी ५०च्या आसपास. ताल येतो १४ हर्ट्झ, आणि कक्षाचा सूरही त्याच टापूत असतो. कानाला ऐकू येत नाही, पण दाब जाणवतो. म्हणून सनरूफच्या पुढच्या कडेला जाळी किंवा दातेरी पट्टी वर येते. ती भोवऱ्यांची रांग मोडते. दुसरी एखादी काच दोन बोटं उघडली तरी थडथड थांबते, कारण पोकळीचा सूर बदलतो.

मामा: गाडीत काच उघडता येते ग. माझ्या स्टीम लाईनला काच कुठे?

इथून वाद खरा तापला. जिना उतरून आम्ही मुंज तलावाच्या काठाने चालत होतो. मामांनी त्यांच्या कारखान्यातली हकीकत सांगितली. कारखान्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. बॉयलरमधून मुख्य लाईन निघते, तिला सेफ्टी व्हॉल्व्हकडे जाणारे उभे फाटे असतात. व्हॉल्व्ह बंद म्हणजे फाट्याचं टोक बंद. मुख्य लाईनीतून वाफ धावते, फाट्यात ती उभी. लाईन तासाला २६ टनावर वर्षानुवर्षं शांत चालली. मग उत्पादन वाढलं, लाईन ३० टनावर गेली आणि घोंघाट सुरू झाला.

मामा: पहिल्यांदा प्रेशर गेजच्या टॅपिंगचं वेल्ड फुटलं. परत वेल्ड मारलं, क्लॅम्प लावला. महिन्याभरात क्लॅम्पच्या खाली चीर. साहेब म्हणाले सायलेन्सर लावा. अगं, सायलेन्सर लावायचा कुठे? वाफ बाहेर सुटतच नव्हती!

भाची: टॅपिंगच फुटणार. मुख्य पाइप जाड, त्याला काही होत नाही. त्यावर बोटाएवढ्या नळीला गेजचं वजन लटकवलेलं. मुळाशी सगळा ताण. समजा फाटा ६५ सेंटिमीटरचा आहे आणि वाफेत आवाज सेकंदाला ४९० मीटरने जातो. एक टोक बंद असलेल्या नळीचा मूळ सूर म्हणजे आवाजाचा वेग भागिले लांबीची चौपट. ४९० भागिले २.६, म्हणजे १८८ हर्ट्झ. सेकंदाला १८८ हेलकावे. चोवीस तासांत किती? १ कोटी ६२ लाख. पोलादाच्या थकव्याच्या चाचण्या बहुतेक एक कोटी आवर्तनांपर्यंत नेतात. तुमच्या वेल्डने एका दिवसात त्याहून जास्त सोसलं.

मामा काही क्षण बोलले नाहीत. एक कोटी ६२ लाख हा आकडा त्यांनी पुन्हा उच्चारला.

मामा: पण २६ टनाला काही नव्हतं. तीच लाईन. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, लाईन चांगली आहे.

भाची: २६ टनासाठी चांगली होती. बघा, तोंड १५ सेंटिमीटर धरू आणि २६ टनाला वेग ४५ मीटर. मघाचं गुणोत्तर काढू, सूर गुणिले तोंड भागिले वेग: ०.६३. इतक्या वर फाटा गप्प असतो. वेग वाढला की हा आकडा उतरतो. ०.५५च्या आसपास गुणगुण सुरू होते, ०.४ला जोर सगळ्यात जास्त. तुम्ही वेग १५ टक्के वाढवलात, आकडा ०.५४वर आला. तुम्ही दार उघडून आत गेलात, मामा. आणखी वाढवलं असतं तर आणखी आत.

मी या ठिकाणी भाचीच्या बाजूला उभा आहे. ‘इतकी वर्षं चाललं’ हे वाक्य आपल्या कारखान्यांत, पाणीपुरवठ्यात, सरकारी बांधकामांत सगळीकडे पुरावा म्हणून वापरलं जातं. प्रवाह तोच असेल तोवर तो पुरावा आहेही. मांडूत ताल आणि सूर जुळले नाहीत, आणि दरीतला वारा कुणाच्या सहीने वाढत नाही. कारखान्यातला प्रवाह मात्र एका सहीने बदलतो, आणि ज्या दिवशी तो बदलतो त्या दिवशी जुना अनुभव त्या फाट्यापुरता कोरा होतो.

याचं जगातलं एक मोठं उदाहरण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं क्वाड सिटीज अणुवीज केंद्र. मिसिसिपी नदीकाठचं, पाणी थेट अणुभट्टीत उकळून वाफ करणारं. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, १९६९मध्ये सुरू झालेल्या, याच जातीच्या. क्वाड सिटीजला २००२मध्ये १७.८ टक्के जास्त शक्ती घ्यायला सुरुवात झाली. त्याच वर्षी भट्टीच्या माथ्यावरच्या स्टीम ड्रायरचा, म्हणजे वाफेतलं पाणी गाळणाऱ्या भागाचा पत्रा तुटला आणि तुकडा वाफेबरोबर गेला. जाड पत्रा बसवून दुरुस्ती झाली. २००३मध्ये ड्रायरला पुन्हा तडे गेले. पुष्कळ शोधानंतर बोट ठेवलं गेलं ते मुख्य स्टीम लाईनवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या उभ्या फाट्यांवर. त्यांच्या तोंडाशी उठलेला सूर लाईनीतून उलटा प्रवास करून ड्रायरपर्यंत जात होता.

मामा: म्हणजे तुटलं एकीकडे आणि दोष दुसरीकडे.

भाची: हो. वाफ पुढे जाते, आवाज मागेही जातो. ड्रायर जाड करून काही होणार नव्हतं. शेवटी २००६मध्ये त्या फाट्यांना आणखी एक छोटा बंद फाटा जोडला, आत आवाज शोषणारी जाळी भरून. मूळ सूर सरकला, जोर गेला.

मामा: आता माझं ऐक. तिथे तुझ्यासारखे गणिती कमी होते का? अमेरिका, अणुकेंद्र, जगातली सगळी यंत्रणा हाताशी. त्यांनी शक्ती वाढवायच्या आधी हिशेब केला नसेल? तरी तुटलं. आणि एकदा तुटल्यावर पुन्हा तुटलं! मग तुझ्या ०.४ वर मी विश्वास का ठेवू?

भाचीने लगेच उत्तर दिलं नाही, आणि मला ते आवडलं. मामांचा आक्षेप खरा होता. गणिताचा अभिमान असलेल्यांनी तो टाळू नये.

भाची: आकडा चुकला नव्हता, प्रश्न विचारला गेला नव्हता. ड्रायरचं बळ मोजलं, वाफेच्या दाबाचा विचार केला. फाट्यांच्या तोंडाकडे आधी पुरेसं कुणी बघितलं नाही.

मामा: कारण ते ड्रॉइंगवर एक छोटी रेघ असतात. रेघेचा आवाज येत नाही.

भाची: बरोबर. आणि तुमचं आणखी एक म्हणणं मी मान्य करते. सूर केव्हा सुरू होईल ते मी बऱ्यापैकी सांगू शकते. किती जोरात होईल ते सांगणं अवघड आहे. तोंडाची कड कशी आहे, वेल्डचा थर आत किती आलाय, अलीकडे एल्बो, म्हणजे पाइपचं वळण, किती जवळ आहे, समोरासमोर दोन फाटे आहेत का, यावर जोर कित्येक पटींनी बदलतो.

मामा: कड गोल केली की संपलं ना? आमचे फिटर म्हणायचे, टोकदार ठेवू नका, घासून घ्या.

भाची: तिथेच फसगत होते. अलीकडची कड गोल केली की तोंड जणू मोठं होतं, म्हणून सूर जरा जास्त वेगाला सुरू होतो. तेवढा फायदा. पण एकदा सुरू झाला की गोल कडेवर तो टोकदार कडेपेक्षा जास्त जोर धरू शकतो, कारण टोकदार कडेशी आवाजाची थोडी ऊर्जा खर्ची पडते. तुमचा प्लांट त्या नव्या वेगाच्या खाली राहणार असेल तर गोल करा. पुढे जाणार असेल तर घासून तुम्ही त्रास वाढवलात.

मामा: हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग भाची फाट्यांच्या जोड्यांविषयी बोलली, आणि माझ्या मते सगळ्यात कमी ठाऊक असलेली गोष्ट तीच. एकटा फाटा सूर धरतो तेव्हा त्याची बरीच ऊर्जा मुख्य लाईनीतून दोन्हीकडे निघून जाते, म्हणून तो आटोक्यात राहतो. पण सारख्या लांबीचे दोन बंद फाटे समोरासमोर आले, किंवा एकाच रांगेत ठरावीक अंतरावर आले, तर आवाज त्या दोघांच्या मधेच कोंडतो. बाहेर कमी जातो, आत साठत राहतो. नैसर्गिक वायूच्या कंप्रेसर स्टेशनांत अशी रचना सहज होते, कारण तिथे बायपास, राखीव कंप्रेसर, मोजमापाच्या ओळी अशा अनेक फाट्यांची तोंडं असतात आणि कोणता तरी व्हॉल्व्ह नेहमी बंद असतो. आपल्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यात हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वायुवाहिनीचं कंप्रेसर स्टेशन आहे. अशा ठिकाणी आराखडा काढतानाच फाट्यांच्या लांब्या सारख्या ठेवू नयेत आणि बंद व्हॉल्व्ह मुख्य लाईनीच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा, हा नियम भाचीने सांगितला. फाटा आखूड झाला की त्याचा सूर इतका उंच जातो, की प्रवाहाचा ताल तिथवर पोचत नाही. खर्च एका व्हॉल्व्हची जागा हलवण्याचा, तोही कागदावर. हे काम नंतर चालू प्लांटमध्ये करायचं तर लाईन थंड करा, कापा, वेल्ड करा, एक्स-रे काढा.

दुपारी आम्ही रूपमतीच्या मंडपावर गेलो. धुकं नव्हतं, खाली निमाडचं मैदान लांबवर मोकळं दिसत होतं. तिकडेच नर्मदा, आणि तिच्या काठी जलूद, जिथून इंदूरला पिण्याचं पाणी चढवतात.

मामा: ती नर्मदेची लाईनही गुणगुणते. एकदा कान लावून ऐकलंय मी. तिथेही तुझे बंद फाटेच?

भाची: नसावेत. पाणी सेकंदाला दोन मीटरने जातं असं धरा. तोंड १५ सेंटिमीटरचं असेल तर ताल पाच-साडेपाच हर्ट्झ. पाण्यात आवाज हजार मीटरच्या वर धावतो, म्हणजे मीटरभर फाट्याचा सूर अडीचशेच्या पुढे. भेट होणं शक्य नाही. पाण्याच्या लाईनीत गुणगुण बहुधा पंपाची, किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमागे बुडबुडे फुटल्याची. प्रत्येक आवाज पोकळीच्या खात्यावर टाकायचा नाही.

मामा: हेच तर मी सांगतोय. कोणता आवाज कुणाचा, ते जवळ जाऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. तुमची पोरं ऑफिसात बसून मॉडेल चालवतात. आम्ही शिफ्टमध्ये चार फेऱ्या मारायचो, लाईनीवर हात ठेवून. कुठे मुंग्या येतात, कुठे नाही, ते तळहाताला कळायचं. आमच्या लॉगबुकात लिहिलेलं असायचं, सुरू करताना साधारण १८ टनाला हलकी शिट्टी, मग बंद.

भाची चालता चालता थांबली.

भाची: १८ टनाला शिट्टी? घोंघाट सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांतही?

मामा: पहिल्यापासून. स्टार्टअपला यायची, मिनिटभर. पुढे गेलं की जायची. आम्ही म्हणायचो लाईन गरम होतेय.

भाची: मामा, ती लाईन गरम होत नव्हती. तोंडावर एकाच वेळी दोन भोवरे मावले की तोच सूर कमी वेगालाही उठतो. तो दुसरा टप्पा, जोर कमी. तेव्हा आकडा ०.९च्या आसपास असतो. वेग वाढला की तो सुटतो, मधे शांतता, आणि पुढे ०.५५ला पहिला टप्पा सुरू होतो. ०.९ भागिले ०.५५ म्हणजे १.६४. आता १८ टनाला १.६४ने गुणा.

मामा: (मनात हिशेब करून) साडेएकोणतीस.

भाची: आणि घोंघाट कितीला सुरू झाला? ३० टनाला. तुमच्या लॉगबुकात उत्तर वीस वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं. क्षमता वाढवायची बैठक झाली तेव्हा ते पान कुणी उघडलं असतं, तर फाटा आखूड करून मगच ३० टनावर जाता आलं असतं.

मामांचा चेहरा त्या क्षणी उजळला. कानाने टिपलेल्या गोष्टीला आकड्याने दिलेली ही साक्ष होती. मी इतका वेळ भाचीच्या बाजूने होतो, पण इथे मामांचंही पारडं भरलं. ती शिट्टी संगणकाने ऐकली नसती. ड्रॉइंगवर नसलेली, कुणीतरी नंतर मारलेली टॅपिंगं मॉडेलमध्ये येत नाहीत. आणि किती टनाला आवाज आला, किती टनाला गेला, ही नोंद तर फुकटात होते. तिला लागते फक्त फेरी मारणारा माणूस आणि त्याची वही. कारखान्यांनी त्या फेऱ्या कमी केल्या, वह्या बंद करून सगळं स्क्रीनवर आणलं, आणि स्क्रीनवर दाब, तापमान, प्रवाह दिसतो. शिट्टीचा रकाना मात्र मला कुठल्या पडद्यावर दिसलेला नाही. ही हानी मला खरी वाटते.

तरी दोघांचं एका मुद्द्यावर जमलं नाही, शेवटपर्यंत.

मामा: तुझं सगळं खरं धरलं तरी क्षमता वाढवताना प्रत्येक बंद फाटा मोजायला शटडाउन कोण देणार? दोन दिवस प्लांट बंद म्हणजे किती नुकसान, माहीत आहे?

भाची: मोजायला शटडाउन लागत नाही. आयसोमेट्रिक ड्रॉइंग, टेप आणि अर्धा दिवस. फाट्याची लांबी, तोंडाचा व्यास, वाफेचं तापमान. बाकी कागदावर. नव्या वेगाला ज्या फाट्याचा आकडा ०.६च्या जवळ किंवा खाली येतोय, तेवढाच बाजूला काढायचा.

मामा: ड्रॉइंग जुनं असतं. निम्मे फाटे त्यात नसतातच.

भाची: म्हणून तुम्ही सोबत हवेत.

मामा: आणि मी नको म्हटलं तरी मॅनेजर सही करणारच. चालून तर बघू, म्हणतील.

भाची: चालून बघायचं असेल तर निदान टप्प्याटप्प्याने चढवा. टनाटनाने. प्रत्येक टप्प्याला टॅपिंगवर कंपनमापक ठेवा. आकडा एकदम उसळला की तिथेच थांबा आणि खाली या. तेवढ्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागली तरी मला त्यात कमीपणा वाटणार नाही.

मामा: टनाटनाने चढवायला आठवडा जाईल.

भाची: जाऊ दे की. तुमचं टॅपिंगचं वेल्ड किती दिवस टिकलं होतं?

मामांनी उत्तर दिलं नाही. खिशातून पेन काढून त्यांनी तिच्याकडून वहीचं पान मागितलं आणि त्यांच्या जुन्या लाईनीचे फाटे आठवून लिहायला सुरुवात केली. आधी सेफ्टी व्हॉल्व्हचे दोन, मग बायपास, मग ड्रेन. चौथ्यापाशी अडले. त्याची लांबी त्यांना आठवत नव्हती. ‘ती विचारून सांगतो, तिथे अजून एक फिटर आहे माझ्या वेळचा,’ ते म्हणाले, आणि त्या ओळीपुढे रिकामी जागा सोडून पाचव्या फाट्याकडे वळले.